एर्नेलचा पिवळा कॅल्क्युलेटर

एर्नेल टोरेन्तिरा आमच्याकडे कामाला आला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. त्याला दिसत नव्हतं, पण कुठल्याही वस्तूचा रंग विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नवा टॉवेल हातात घेतला की मला पहिला प्रश्न, "मानांग, कसला रंग?" मानांग म्हणजे ताई. मी म्हणायचे, "निळा." की लगेच, "कुठला निळा? शाळेच्या स्कर्टचा, की गॅसच्या ज्योतीचा?" मला वैताग यायचा. पण उत्तर मिळेपर्यंत तो टॉवेल खाली ठेवत नसे.

आमचं मालिशचं दुकान ला पाझच्या बाजारामागे, बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, खानावळीच्या वरच्या मजल्यावर. मालिश करणारे चौघं, चौघंही अंध. काउंटरवर मी, नेनिता. फोन घेणं, तेलाच्या बाटल्या भरणं, गिऱ्हाइकाला खाट दाखवणं ही माझी कामं. खालून दिवसभर हाडांच्या रश्शाचा वास यायचा, त्यामुळे मालिश करून घेणारा प्रत्येक माणूस उठताना भुकेला असायचा.

एर्नेल मूळचा टिगबावानचा. चौदाव्या वर्षापासून मामाच्या शेडमध्ये जीपनी, म्हणजे उतारू नेणाऱ्या लांबलचक जीपगाड्या, रंगवायचा. घोडे, गरुड, संत, मालकांच्या मुलींची नावं, पाट्यांवरची वळणदार अक्षरं, सगळं हातानं. पंचविशीत त्याचं डोकं दुखायला लागलं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. थिनरच्या वासानं होत असेल म्हणून तो दोन वर्षं तसाच रंगवत राहिला. डॉक्टरकडे गेला तोवर काचबिंदूनं एक डोळा पुरता नेला होता आणि दुसऱ्यातही फारसं काही उरलं नव्हतं. तेही गेलं. मग अंधांच्या संस्थेत मालिश शिकून तो आमच्याकडे आला. हात फार चांगला. खांद्यावर अंगठा ठेवला की माणूस दिवसभर काय करतो ते सांगायचा.

त्याचं संगणकाचं वेड कसं सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला आईसाठी डॉक्टरची वेळ घ्यायची होती. दवाखान्यात फोन लावला तर म्हणाले, आता सगळं आमच्या वेबसाइटवर करा. एर्नेलच्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारा बाईचा आवाज होता. सारखी हुकूम सोडते म्हणून आम्ही तिला डोन्या, म्हणजे मालकीणबाई, म्हणायचो. एर्नेल पडद्यावर बोट फिरवायचा आणि डोन्या म्हणायची, "बटण. बटण. चित्र. बटण." कसलं बटण, ते काही नाही. चाळीस मिनिटं तो बाकावर बसून होता. शेवटी मी फोन घेतला आणि दोन मिनिटांत वेळ घेतली.

"झालं बघ," मी म्हटलं.

"झालं ते कळलं," तो म्हणाला. "हे असं बनवतो कोण, ते सांग."

ते मला काय ठाऊक! पण पुढच्याच आठवड्यात एक बारकासा तरुण मान धरून जिना चढून आला. नाव जोरेल. एर्नेलनं त्याला पालथं झोपवलं आणि मानेवर हात ठेवल्याबरोबर म्हणाला, "सर, तुम्ही दिवसभर पडद्यात डोकं घालून बसता."

"बरोबर," जोरेल उशीत तोंड खुपसून म्हणाला. "मी वेबसाइट बनवायला शिकवतो. वरची बाजू. म्हणजे लोकांना जी दिसते ती. बटणं, रंग, अक्षरं."

मी काउंटरवरून पाहत होते. एर्नेलचा अंगठा थांबला. मग खांद्याच्या हाडाखालच्या अगदी नेमक्या जागी खोल गेला.

"आय, आय, आय!"

"म्हणजे ते 'बटण, बटण, चित्र, बटण' करणारे तुम्हीच!"

"कोण? मी? अहो, दुखतंय!"

"दुखेलच. गाठ आहे. बटणाला नाव द्यायला काय होतं तुम्हाला?"

जोरेलनं उशीत तोंड खुपसूनच कबूल केलं की नाव देता येतं, ते अगदी सोपंही असतं, पण बहुतेक जण विसरतात. "कुणी विचारतच नाही," तो म्हणाला.

"मी विचारतोय," एर्नेल म्हणाला. "मला शिकवा."

गाठ सुटली म्हणून असेल किंवा ओशाळल्यामुळे असेल, जोरेल हो म्हणाला. उठून बूट घालताना त्याला आपण काय कबूल केलं ते कळलं असावं, कारण तो बराच वेळ नाडी बांधत राहिला.

जोरेल शिकवायचा तो वर्ग चालवणाऱ्या बाई मिसेस दुमालाग. पासष्टीच्या, ताठ पाठीच्या, पूर्वी छापखाना चालवलेल्या. पहिल्या दिवशी रस्ता दाखवायला मी एर्नेलबरोबर गेले होते, तर त्या त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलल्या.

"याला दुसरं काहीतरी शिकवा ना. हे काम दिसण्याचंच आहे."

"बाई, मी इकडे आहे," एर्नेल म्हणाला. "आणि तेरा वर्षं मी दिसण्याचंच काम केलंय."

मिसेस दुमालाग आता त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, मागच्या बाकावर बस. सगळ्यांना पहिलं काम कॅल्क्युलेटर बनवण्याचं असतं. तो तीन परीक्षकांपुढे ठेवायचा. पास झालास तर पुढचा वर्ग, नाहीतर नाही. तुझ्यासाठी वेगळा नियम करणार नाही.

"करूच नका," एर्नेल म्हणाला. परत येताना जीपनीत तो इतका खूश होता की उतरायची जागा मागे गेली.

जोरेलनं त्याला आपला जुना लॅपटॉप दिला. एक कळ निखळलेली होती, तिथे मी काडेपेटीचा तुकडा चिकटवला. दुपारी दोन ते चार आमच्याकडे शुकशुकाट असतो, त्या वेळात तो काउंटरच्या टोकाला बसून सराव करायचा. लॅपटॉपमध्येही डोन्याच होती; ती त्याला प्रत्येक ओळ वाचून दाखवायची, तीही इतक्या भरभर की मला नुसती कुजबुज ऐकू यायची. मध्येच तो म्हणायचा, "थांब, कंस उघडा राहिला." आणि बरोबर त्याच जागी जाऊन कंस बंद करायचा.

आमच्यातले सर्वांत जुने मानोंग रुफो, म्हणजे रुफोदादा, जन्मापासून अंध. ते म्हणायचे, "काय रे, त्या बाईशी लग्न कर. बायको म्हणून शोभेल, एक शब्द सोडत नाही."

पहिल्यांदा कॅल्क्युलेटर चालला त्या दिवशी आम्ही सगळे भोवती जमलो होतो. एर्नेलनं सात दाबलं, अधिक दाबलं, पाच दाबलं. डोन्या म्हणाली, "पंचाहत्तर."

"आबाव!" मानोंग रुफो म्हणाले. "ही तर बाजारातल्या मासेवालीपेक्षा वरचढ आहे."

एर्नेल पोट धरून हसला. मग त्यानं जोरेलला फोन केला आणि आम्हाला समजावून सांगितलं. यंत्राला ते आकडे वाटलेच नव्हते, अक्षरं वाटली होती. एका नावापुढे दुसरं नाव चिकटवावं तसं त्यानं सातापुढे पाच चिकटवलं होतं. आधी त्याला सांगावं लागतं, बाबा, ही संख्या आहे, हिची बेरीज कर. संध्याकाळपर्यंत सात आणि पाच बारा झाले.

खरी मेहनत मांडणीची होती. बटणं चार रांगांत बसवायची. त्यानं लिहिलेलं बरोबर उमटलं की नाही ते बघायचं काम माझं. "बरोबरचं चिन्ह खाली एकटंच पडलंय," मी सांगायचे. "एकटं म्हणजे कुठे? डावीकडे? मध्ये?" मला नीट सांगता येईना. शेवटी मी तेलाच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली आणि पडद्यावर दिसत होतं तसं काउंटरवर मांडलं. त्याचा हात धरून एकेका झाकणावरून फिरवला. शून्यावरून त्याचं बोट पुढे सरकलं आणि एकदम रिकाम्या जागेत गेलं. "हां!" तो म्हणाला. "शून्याला दोन घरांची जागा द्यायची राहिली." त्या दिवसापासून झाकणं काउंटरवरच राहिली. गिऱ्हाइकांना वाटायचं आम्ही सोंगट्या खेळतो.

रंगांवरून मात्र त्याचं आणि जोरेलचं भांडणच झालं. संगणकात रंग लाल, हिरवा आणि निळा असे मोजून सांगायचे असतात. जोरेल म्हणाला, लाल आणि हिरवा पुरेपूर घेतले की पिवळा होतो.

"लाल-हिरवा मिसळला की चिखल होतो!" एर्नेल ओरडला. "तेरा वर्षं मी डबे ढवळलेत."

"तो रंग, हा उजेड," जोरेल बिचारा समजावत राहिला. "उजेडात उजेड मिसळला की वाढतो."

एर्नेलला ते पटायला दोन दिवस लागले. मग त्यानं ठरवलं, आपला कॅल्क्युलेटर पिवळाच करायचा. आकडे वाढवत, कमी करत तो मला विचारत बसायचा. "आता कसा? लिंबासारखा?" "जरा जास्त पिकलेला." "आता?" "आता गिमारासचा आंबा." "साल की गर?" "गर." त्यानं हात टेकून मोठा श्वास घेतला. बटणं त्या पिवळ्याची आणि वर आकडे पांढरे. त्याच्या गाड्यांवर अक्षरं तशीच असायची.

आता मी जे केलं ते सांगते.

आकडे दिसत नव्हते. पिवळ्यावर पांढरे, कुठे जरा सावली पडली तर दिसायचे, नाहीतर नाही. त्याच्या गाड्यांवर पांढऱ्या अक्षरांना काळी कड असायची. ती कड तो विसरला होता, आणि मला ते सुचायला हवं होतं तर तेही सुचलं नाही. मला एवढंच कळत होतं की मला आकडे वाचता येत नाहीत. त्यानं सरळ विचारलं, "आकडे नीट वाचता येतात ना?" तेव्हा त्याचा चेहरा असा उजळलेला होता की मी म्हणाले, "हो. फार सुंदर दिसतंय."

परीक्षेच्या दिवशी वर्गात मोठ्या टीव्हीवर एकेकाचं काम दाखवत होते. खिडकीतून ऊन येत होतं. एर्नेलचा कॅल्क्युलेटर लागला आणि एक परीक्षक म्हणाले, "हे रिकामे पिवळे चौकोन कसले?" मागून कुणीतरी हसलं. एर्नेलला वाटलं गंमत करताहेत, तोही थोडा हसला. मग मिसेस दुमालाग म्हणाल्या, "टोरेन्तिरा, बटणांवर काहीच लिहिलेलं नाही. निदान दिसत तरी नाही." मग फोनवर उघडून पाहिलं तर शेवटची रांग पडद्याबाहेर गेलेली. त्यांनी नापास म्हटलं, तेही साध्या आवाजात.

जिन्यावर त्यानं मला विचारलं, "मानांग, तुला आकडे दिसत नव्हते?"

"मला पाठ झाले होते रे. कुठे सात, कुठे आठ, ते."

"ते नाही विचारलं मी."

मी जिना उतरायला लागले. घरी जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. काठी काढली आणि एकटा पुढे गेला.

नऊ दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. टॉवेलचा रंग मानोंग रुफोंना विचारायला लागला. रुफो म्हणाले, "मला? बाबा, मी शपथेवर सांगतो, जगातले सगळे टॉवेल एकाच रंगाचे आहेत." कुणी हसलं नाही. लॅपटॉप बंद, झाकणं बाजूला सारलेली.

दहाव्या दिवशी मी त्याच्या आवडीचे इबोस घेऊन गेले. नारळाच्या पानाची गुंडाळी सोडून त्यानं तो चिकट भात साखरेत बुडवला, शांतपणे खाल्ला, आणि मग विचारलं, "का खोटं बोललीस?"

"तू खूश होतास."

"मानांग, डोळे गेल्यापासून माझ्याशी कुणी खरं बोलत नाही. आई म्हणते, तू मुळीच वाळला नाहीस. मामा म्हणतो, शेडमध्ये तुझी जागा ठेवलीय. शेड त्यानं कधीच विकली, मला शेजाऱ्याकडून कळलं. तू टॉवेलच्या निळ्यावरून माझ्याशी भांडायचीस. मला वाटायचं, एक ही तरी आहे."

धाकट्या भावाला मारतात तशी हाक मारून मी म्हटलं, "मला माफ कर, नोनोय."

"करीन. आता एक इबोस दे आणि लॅपटॉप आण."

त्या नऊ दिवसांत तो नुसता रुसून बसला नव्हता. त्यानं जोरेलला गाठून विचारलं होतं, दोन रंग एकमेकांवर उठून दिसतात की नाही, हे न बघता कसं कळेल? जोरेलनं शोधून सांगितलं की त्याचंही गणित असतं. दोन रंगांच्या उजेडाचं प्रमाण काढायचं. एक आलं तर काहीच दिसणार नाही, एकवीस आलं तर काळ्यावर पांढरं. साध्या अक्षरांना निदान साडेचार हवं. एर्नेलनं ते गणित स्वतः लिहून काढलं आणि आपले जुने रंग त्यात घातले. उत्तर आलं दीडच्या आसपास.

"दीड," तो म्हणाला. "लोक हसले त्यात नवल नाही."

बटणांच्या जागाही तशाच. प्रत्येक बटण पडद्याच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते संगणकालाच विचारायचं आणि कुठलं बाहेर गेलं की डोन्यानं सांगायचं, अशी सोय त्यानं करून घेतली. मला वाटलं, आता माझी गरज संपली. थोडं वाईटही वाटलं. तर तो म्हणाला, "गणित सांगतं दिसतंय की नाही. चांगलं दिसतंय की नाही ते तू सांग. आणि वाईट असेल तर वाईट म्हण."

म्हणून मी म्हटलं. आकडे गडद तपकिरी केले तेव्हा मी सांगितलं, "वाचता येतंय, पण जळलेल्या पोळीसारखं दिसतंय." तो चिडला, पण बदललं. काळ्याकडे झुकणारा निळा घेतला. गणितानं बारा सांगितले. मी म्हटलं, "आता बरं आहे. सुंदर नाही. बरं."

"चालेल," तो म्हणाला, आणि त्याला ते 'सुंदर'पेक्षा जास्त आवडलेलं दिसलं.

नापास झालेल्यांना वर्गासमोर पुन्हा एक संधी असे. त्या दुसऱ्या परीक्षेला तो हिरव्या शर्टात गेला. कुठला हिरवा ते मी त्याला नीट सांगितलं होतं. टीव्हीवर सगळे आकडे स्पष्ट होते. परीक्षकांनी बेरजा केल्या, भागाकार केला, शून्यानं भागून पाहिलं. "शून्यानं भागता येत नाही," डोन्या गुरकावली. मग एर्नेल म्हणाला, "आता टीव्ही बंद करून वापरून बघाल का?"

परीक्षक एकमेकांकडे बघत राहिले. मिसेस दुमालागच उठल्या. टीव्ही बंद केला, लॅपटॉपचा पडदा काळा केला, आणि खुर्चीत बसून एर्नेलनं सांगितलेली कळ दाबत गेल्या. डोन्या म्हणत होती, "सात. अधिक. पाच. बरोबर. उत्तर बारा." त्यांनी आणखी दोन-तीन गणितं केली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी पहिला आलेल्याचा लावा."

तो लावला. पडदा काळाच ठेवून त्या कळ दाबत गेल्या. डोन्या गप्प. त्या मुलानं बटणं म्हणून नुसते चौकोन रंगवले होते. डोळ्यांना बटणं, पण डोन्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. मिसेस दुमालाग पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या. तो मुलगा मान खाली घालून बसला. मला त्याची दयाच आली.

"पास," त्या म्हणाल्या. "पण टोरेन्तिरा, तो पिवळा मला नाही आवडला. भडक आहे."

"तो गिमारासच्या आंब्याचा आहे, बाई."

"मला आंबा आवडतो. बटणावर नाही आवडत."

खाली उतरल्यावर एर्नेल रस्त्याच्या कडेलाच थांबला आणि रडला. मी त्याच्याजवळ उभी राहिले. जीपनीवाले हॉर्न वाजवत होते. एकानं हारोला यायचं का म्हणून विचारलं, "हारो? हारो?" मी त्याला पुढे जा म्हणून हात केला.

पुढचा वर्ग त्यानं सात महिन्यांत पुरा केला. मिसेस दुमालागनी नवीन नियम काढला, की परीक्षेत प्रत्येकाचं काम एकदा पडदा बंद करून चालवायचं. मुलं कुरकुरतात, जोरेल सांगतो. कॅल्क्युलेटर मानोंग रुफोंनी आपल्या फोनवर ठेवून घेतला. ते तो फक्त भविष्यातली वर्षं काढायला वापरतात: आपण शंभरीला पोचू तेव्हा कुठलं साल असेल, एर्नेल साठीचा कधी होईल, असं.

मांडुरियावमधल्या एका लहानशा कंपनीनं एर्नेलला घेतलं. तिथे लोकांच्या वेबसाइट तपासायच्या आणि मोडकं असेल ते दुरुस्त करायचं, असं काम. मुलाखतीत त्यानं त्यांच्याच पानावरची एकोणीस बिननावाची बटणं मोजून दाखवली होती. शनिवारी तो अजून आमच्याकडे मालिश करतो. म्हणतो, हात विसरले तर काय करू.

नोकरीच्या पहिल्या सकाळी मी त्याला सोडायला गेले. दोन गाड्या बदलायच्या होत्या, वळणं त्याला ओळखीची नव्हती. इमारतीच्या दाराशी रखवालदार उभा होता. मी आत निघाले तर एर्नेल म्हणाला, "इथून मी जातो, मानांग."

"लिफ्ट उजवीकडे आहे. तीन पायऱ्या—"

"विचारीन की."

तो काठीनं पायऱ्या चाचपत वर गेला, रखवालदाराला नाव सांगितलं, काहीतरी बोलून त्याला हसवलं, आणि आत गेला. काचेचं दार होतं, त्यातून तो लिफ्टपर्यंत दिसत होता. मग मी उलट दिशेची गाडी पकडली. दुकान उघडायला मला पंचवीस मिनिटं उशीर झाला होता आणि दोन गिऱ्हाइकं जिन्यावर बसून माझ्या नावानं बोटं मोडत होती.